कृष्णविवरात हरवलेली माहिती आणि ससकिंड यांचे ‘द ब्लॅक होल वॉर’

किरणे उत्सर्जित करत हळूहळू आटत जाणारे, म्हणजेच बाष्पीभवन होणारे, कृष्णविवर आपल्यात पडलेल्या वस्तूंविषयीची माहिती कायमची नष्ट करते, हे स्टीफन हॉकिंग यांचे १९७६ मधील प्रतिपादन माहिती कधीच नष्ट होत नाही असे मानणाऱ्या पुंजयांत्रिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) मुळावरच घाव घालते, असे भौतिकशास्त्रज्ञ लिओनार्ड ससकिंड यांना ठामपणे वाटले आणि त्यातून पेटलेल्या दीर्घ वादाची कहाणी त्यांनी २००८ मधील या पुस्तकात विलक्षण तळमळीने सांगितली आहे. विवरातील सारी माहिती त्याच्या घटनाक्षितिजावर, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर येऊ शकत नाही त्या सीमेवर, नोंदलेली असते, ही कल्पना उलगडणारी प्रकरणे मला दोनदा वाचावी लागली, परंतु ते श्रम सार्थकी लागले. ती माहिती उत्सर्जित किरणांतून नेमकी कशी बाहेर पडते, याचे समाधान मात्र येथे होत नाही; ती काळानुसार कशी बाहेर येत जाईल याचा भौतिकशास्त्रज्ञ डॉन पेज यांनी १९९३ मध्ये सुचवलेला आलेख प्रत्यक्ष गणिताने मिळवणारे २०१९ मधील काम स्वाभाविकच यात नाही.