प्रवेशापूर्वी पाहिलेला मेकॅट्रॉनिक्स विभाग

एमएचटी-सीईटीनंतर कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीचा पर्याय अर्ज भरण्यापूर्वी मी पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा मेकॅट्रॉनिक्स विभाग पाहून आलो. यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रॅमिंग यांची सांगड तिथल्या पीएलसीच्या (यंत्रे नियंत्रित करणाऱ्या औद्योगिक संगणकाच्या) टेबलावर उत्तम कळते: कन्व्हेअरवरून धातूचा तुकडा येताच स्पर्शाविना वस्तू ओळखणाऱ्या प्रॉक्सिमिटी सेन्सरचा २४ व्होल्टचा सिग्नल पीएलसीकडे जातो, शिडीसारख्या आकृतीत लिहिलेल्या लॅडर प्रोग्रॅमनुसार विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडतो आणि दाबाखालच्या हवेवर चालणारा सिलिंडर तो तुकडा बाजूला ढकलतो. मात्र असे टेबल एकच असल्याने बहुतेक विद्यार्थी नुसते पाहत उभे होते. ही उणीव मला गंभीर वाटते, कारण वायरिंगमधला दोष स्वतः शोधल्याशिवाय हा विषय हाती लागत नाही. वसतिगृह ठीक आहे. प्रात्यक्षिकाच्या तुकड्या लहान झाल्या, तरच मी हे महाविद्यालय पहिल्या पसंतीवर ठेवीन.