‘अमेरिकन ग्राफिटी’ पुन्हा पाहायचा, पण कशावर?

पदवी हातात पडल्यावर ज्यांनी बेळगाव सोडले, पुणे, मुंबई किंवा बंगळुरू गाठले आणि आता निवृत्तीनंतर टिळकवाडीतल्या किंवा शहापुरातल्या जुन्या घरी परतून हॉलमध्ये मोठा टीव्ही लावला, अशा माझ्या वयाच्या काही मित्रांनी गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न विचारला. तारुण्यात पाहिलेला ‘अमेरिकन ग्राफिटी’ पुन्हा पाहायचा आहे, तर जुनी डीव्हीडी चालेल का, नवी डिस्क मागवावी का, की भाड्याने ऑनलाइन पाहून मोकळे व्हावे? प्रत्येकाला तोंडी वेगळे उत्तर देऊन थकल्यामुळे हे लिहीत आहे.

जॉर्ज लुकास यांचा हा चित्रपट १९७३ चा. कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो या मध्यम आकाराच्या गावात १९६२ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस एका रात्री घडणारी ही गोष्ट आहे. शाळा संपलेल्या मित्रांपैकी दोघे दुसऱ्या दिवशी सकाळी विमानाने कॉलेजला निघणार असतात, त्यातल्या एकाचा पाय निघत नसतो, आणि सूर्य मावळल्यापासून उजाडेपर्यंत सगळे आपापल्या गाड्या घेऊन मुख्य रस्त्यावर विनाकारण चकरा मारत राहतात. आपल्याकडे त्या गाड्या नव्हत्या, लुना होत्या. पण संध्याकाळी कॉलेज रोडवर कुणी दिसेल या आशेने तीच फेरी चौथ्यांदा मारलेल्या माणसाला यातले विनोद समजावून सांगावे लागत नाहीत.

माध्यम कोणते निवडायचे याचा विचार बहुतेक जण चित्राच्या स्पष्टतेपासून सुरू करतात. या चित्रपटापुरते ते उलटे आहे असे मला वाटते आणि म्हणून आधी आवाजाविषयी लिहितो. चित्रपटाला स्वतंत्र पार्श्वसंगीत नाही. त्याऐवजी चाळीसहून अधिक जुनी गाणी रात्रभर वाजत राहतात आणि ती जवळजवळ सगळी एकाच रेडिओ केंद्रावरून, वुल्फमन जॅक या खऱ्याखुऱ्या निवेदकाच्या घोगऱ्या आवाजासोबत येतात. (एल्व्हिस प्रेस्लीचे एकही गाणे त्यात नाही, कारण त्याच्या रेकॉर्ड कंपनीशी हक्कांचा सौदा जमला नाही, बजेट आठ लाख डॉलरांच्याही आत होते.) गावातली प्रत्येक गाडी तेच केंद्र ऐकत असल्यामुळे एक गाणे एका गाडीत सुरू होते, शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या गाडीत पुढे सरकते आणि खाणावळीच्या आवारात पोहोचेपर्यंत लांबून येणारा घुमारा होऊन राहते. ध्वनिसंयोजक वॉल्टर मर्च यांनी हे साधण्यासाठी गाण्यांचा कार्यक्रम प्रत्यक्ष मोकळ्या जागेत स्पीकरवर वाजवला, स्पीकर आणि मायक्रोफोन दोन्ही हलते ठेवून तो पुन्हा ध्वनिमुद्रित केला आणि मग मूळ स्वच्छ ध्वनी व हा बाहेरचा ध्वनी प्रसंगानुसार कमीजास्त मिसळला. हवेतून, भिंतींवर आपटून, मध्येच विरून येणारे गाणे त्यामुळे ऐकू येते. वुल्फमन जॅकने प्रत्यक्षात नाव कमावले ते मेक्सिकोच्या हद्दीत उभारलेल्या आणि अमेरिकेच्या दिशेने प्रक्षेपण करणाऱ्या बलाढ्य केंद्रांवरून. सांगली आकाशवाणीची मराठी गाणी आणि धारवाडची कन्नड गाणी एकाच काट्यावर थोडे इकडे-तिकडे करून ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या सीमाभागाला, हद्दीपलीकडून येणारा आवाज आपला वाटतो म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

आता पर्यायांकडे वळतो. व्हीएचएस कॅसेट कुणाच्या माळ्यावर असेल तर ती आठवण म्हणून ठेवावी, पाहू नये. मूळ चौकट सुमारे २.३५ पट रुंद आहे आणि जुन्या चौकोनी टीव्हीसाठी ती कापताना जवळपास ४३ टक्के चित्र जाते. दोन गाड्या शेजारी-शेजारी धावत असताना खिडकीतून होणाऱ्या गप्पा हे या चित्रपटाचे अर्धे भांडवल, आणि कापलेल्या आवृत्तीत त्यातली एक गाडी पडद्याबाहेर जाते. शिवाय आपल्या पावसाळ्यात चार महिने बंद कपाटात राहिलेल्या फितीच्या कडेवर पांढरी बुरशी धरते, आणि अशी एक फीत वाजवली की व्हीसीआरचे हेड खराब होऊन पुढच्या चांगल्या कॅसेटीही बिघडतात. माझ्याकडे हे एकदा झाले आहे. त्या कॅसेटीत भाचीच्या बारशाचे चित्रीकरण होते.

डीव्हीडीच्या बाबतीत मात्र सरसकट मत देता येत नाही, कारण कुठल्या देशातली डीव्हीडी हे आधी पाहावे लागते. अमेरिकन डिस्कचा रिजन, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल तो क्रमांक, १, इंग्लंडचा २ आणि भारताचा ५, त्यामुळे बाहेरची डिस्क आपल्या प्लेअरवर चालेलच असे नाही. मात्र रिजनपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगाची आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. युरोपातल्या ‘पाल’ (पीएएल) या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ चौकटींनी चालवला जातो, म्हणजे चार टक्के जलद, आणि बहुतेक वेळा आवाजाची पट्टीही त्याबरोबर चढते, साधारण अर्ध्या स्वराच्या पाऊण हिश्शाइतकी. एखाद्या संवादप्रधान चित्रपटात हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. इथे चाळीस गाणी आहेत, आणि ज्या जिल्ह्यात कुमार गंधर्वांचे सुळेभावी आहे तिथल्या श्रोत्याला चढलेली पट्टी खटकल्याशिवाय राहणार नाही. गोव्यातल्या एका आप्ताच्या मुलाने इंग्लंडहून आणलेली डीव्हीडी मी दोनदा पाहिली. पहिल्या खेपेस माझेच कान बिघडले आहेत अशी शंका आली, दुसऱ्या खेपेस घड्याळ लावल्यावर उलगडा झाला. अमेरिकन डीव्हीडीत हा दोष नाही. १९९८ च्या त्या आवृत्तीत निर्मितीविषयीचा सव्वा तासाहून मोठा माहितीपटही आहे, आणि तो केवळ प्रसिद्धीचा मजकूर नाही. सॅन राफेल गावात चित्रीकरण सुरू झाल्यावर परवानगी मागे घेतली गेली आणि सारा लवाजमा पेटालुमाला हलवावा लागला, अशा गोष्टी संबंधितांच्या तोंडून ऐकायला मिळतात. चित्र मात्र आजच्या मोठ्या टीव्हीवर तोकडे पडते. डीव्हीडीच्या ४८० रेषांपैकी काळ्या पट्ट्या वजा जाता प्रत्यक्ष चित्राच्या वाट्याला ३६० च्या आसपासच रेषा येतात. बत्तीस इंचांपर्यंत ते खपून जाते.

या चित्रपटाची ब्लू-रे डिस्क २०११ मध्ये आली. तीवर १९२० गुणिले १०८० पूर्ण चौकट मिळते, वेग चित्रपटाचाच २४ राहतो आणि जागा वाचवण्यासाठी आवाज दाबून त्यातला तपशील घालवलेला नसतो. हा शेवटचा मुद्दा मी वर सांगितलेल्या ध्वनियोजनेसाठी निर्णायक मानतो, कारण लांबून येणाऱ्या गाण्याचा घुमारा आणि त्यातली गाड्यांची बारीक घरघर आवाज दाबताना सर्वांत आधी जाते. चित्राबद्दल अपेक्षा मात्र नेमकी ठेवावी. चित्रपट टेक्निस्कोप पद्धतीने चित्रित झाला. तीत फिल्मच्या एका चौकटीला कडेच्या चार छिद्रांऐवजी दोनच छिद्रांची उंची दिली जाते, त्यामुळे कच्ची फिल्म निम्मी लागते, पण लहान चौकट मोठी करताना फिल्मचे मुळातले दाणे ठळक दिसतात. त्यात भर म्हणून जवळजवळ सगळे चित्रीकरण रात्रीचे, दुकानांच्या आणि दिव्यांच्या उजेडातले. ही दाणेदार रात्र पाहून डिस्क खराब निघाली म्हणून परत करणाऱ्या एका मित्राला मला फोनवर अर्धा तास समजवावे लागले. ती तशीच आहे. प्रेक्षक जणू रस्त्याच्या कडेला उभा राहून हे सारे पाहतो आहे असे वाटावे हा हेतू होता, आणि छायाचित्रणाचे सल्लागार हॅस्केल वेक्सलर यांनी तो सांभाळला.

या दाण्यांमुळेच २०२३ च्या ४के आवृत्तीबद्दल मी सावध आहे. पन्नासाव्या वर्षानिमित्त निघालेली ती डिस्क देखणी आहे. निऑनचे रंग, क्रोमचा चकाकता पत्रा, हेडलाइटभोवतीचे वलय आणि त्यामागचा खरा काळोख यांत तिचा फायदा स्पष्ट दिसतो. तपशिलात मात्र चौपट बिंदू मिळाले म्हणून चौपट स्पष्टता मिळत नाही, कारण मूळ चौकटीतच तेवढा तपशील नाही. साठ इंचांहून मोठा आणि खोल काळा रंग दाखवणारा टीव्ही किंवा चांगला प्रोजेक्टर असेल तरच तिचा खर्च सार्थ आहे; त्यासाठी ४के प्लेअरही वेगळा लागतो. तिची एक बाजू मात्र भारतीय ग्राहकाच्या सोयीची आहे, ती म्हणजे ४के डिस्कला रिजन कोडच नसतो. साध्या ब्लू-रेचे तसे नाही. अमेरिका ए, इंग्लंड बी आणि भारत सी गटात येतो, आणि डिस्क सर्व गटांत चालणारी आहे की नाही हे मागवण्याआधी विक्रेत्याला विचारून घ्यावे लागते.

स्ट्रीमिंग सर्वांत सोपे आणि एकदाच पाहणाऱ्यासाठी सर्वांत स्वस्त, यात वाद नाही. पण काळोख आणि दाणे या दोन गोष्टी पाठवताना दाबायला सर्वांत अवघड असतात. ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते, तर एचडी स्ट्रीमिंग साधारण पाच मेगाबिटच्या जोडणीवर चालावे अशा बेताने पाठवले जाते. परिणामी रात्रीच्या आकाशात चौकोन दिसू लागतात आणि दाण्यांच्या जागी चिखल होतो. शहरात फायबर आहे त्यांना हे सुसह्य होईल. खानापूरच्या पुढे जांबोटी-कणकुंबीकडे ज्यांचे घर आहे, त्यांनी जुलैच्या पावसात मोबाइलच्या भरवशावर हा बेत आखू नये. दुसरी अडचण म्हणजे आज यादीत असलेला चित्रपट पुढच्या महिन्यात असेलच याची खात्री नाही. ज्यांना चित्रपट अजून आवडतो का, एवढेच पाहायचे आहे, त्यांनी मात्र आधी भाड्याने पाहावा आणि मगच डिस्कचा विचार करावा. विशीत निखळ मजेचा वाटलेला हा चित्रपट पन्नाशीत अवघडही वाटू शकतो. मुलींच्या वाट्याला आलेले प्रसंग मला आता पूर्वीइतके हसवत नाहीत, आणि शेवटी पडद्यावर येणाऱ्या ओळींत फक्त मुलांचेच पुढे काय झाले ते सांगितले आहे, मुलींचे नाही, हे तेव्हा मुळीच जाणवले नव्हते.

आवृत्तीच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांसाठी एक सूचना द्यायला हवी. १९७३ मध्ये थिएटरात लागलेला चित्रपट यांपैकी कुठल्याच डिस्कवर मिळत नाही. स्टुडिओने तेव्हा कापलेले सुमारे चार मिनिटांचे तीन प्रसंग १९७८ च्या पुनःप्रदर्शनात परत जोडले गेले आणि घरगुती आवृत्त्यांत तेच चालत आले. पुढे १९९८ च्या डीव्हीडीच्या वेळी लुकास यांनी पहिल्याच दृश्यातले, खाणावळीमागचे आकाश संगणकावर बदलून अधिक रंगीत केले. ते आकाश मला आवडत नाही. पण केवळ त्यासाठी जुनी कॅसेट शोधत बसणे शहाणपणाचे नव्हे.

सबटायटलबाबत सांगायचे तर डिस्कवर इंग्रजी सबटायटल असतात, मराठीची अपेक्षा ठेवू नये. साठच्या दशकातली बोली आणि वुल्फमनची बडबड दोन्ही वेगवान आहेत, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांसोबत पाहणार असाल तर ते सुरू ठेवलेले बरे.

माझा कौल ब्लू-रेला आहे, आणि उरलेले पैसे टीव्हीच्या पातळ स्पीकरऐवजी दोन चांगल्या स्पीकरांवर घालावेत. माझ्या हॉलमध्ये जुन्या टेपरेकॉर्डरच्या जोडीचे दोन लाकडी स्पीकर ॲम्प्लिफायरला लावल्यावर जो फरक पडला, तो ब्लू-रेवरून ४केवर गेल्याने पडला नाही. मात्र ज्यांच्याकडे अमेरिकन डीव्हीडी आधीच आहे आणि टीव्ही लहान आहे, त्यांनी काहीही विकत घेऊ नये. इंग्लंडहून कुणी भेट म्हणून डीव्हीडी आणत असेल, तर नम्रपणे ब्लू-रे आणायला सांगावे. आणि दुकानात किंवा कुणाच्या संग्रहात जुनी डिस्क हाती आली, तर मागच्या बाजूला छापलेली लांबी आधी वाचावी. ११२ मिनिटे लिहिले असेल तर घ्यावी, १०७ किंवा १०८ लिहिले असेल तर ती जलद चालणारी पाल डिस्क समजून जिथून उचलली तिथेच परत ठेवावी.