फळ्यावरचं व्याख्यान की शेजाऱ्याशी वाद?

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांची व्याख्यानं विद्यार्थ्यांना आवडायची. अवघड गणितंही मुलं सोडवायची. पण अवजड ट्रक छोट्या मोटारीला धडकला तर जास्त बल कोणावर, असं साध्या भाषेत विचारलं की बरेच जण अडखळायचे. (बल दोघांवर सारखंच. न्यूटनचा तिसरा नियम मात्र तोंडपाठ!) म्हणून १९९१ पासून त्यांनी वेगळा मार्ग धरला: एक प्रश्न, प्रत्येकाचं स्वतंत्र उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद आणि पुन्हा उत्तर.

व्याख्यानात अभ्यासक्रम वेळेत संपतो, मोठा वर्ग एकट्याने सांभाळता येतो. वादात एकेका प्रश्नाला दहा मिनिटं सहज जातात.

निकाल काय सांगतो? विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निव्वळ व्याख्यानांच्या वर्गात सरासरी सुमारे ३४ टक्के विद्यार्थी नापास, तर मुलांना प्रश्न-चर्चेत गुंतवणाऱ्या वर्गात सुमारे २२ टक्के. फरक किरकोळ नाही.

गंमत पुढेच आहे. हार्वर्डमध्येच २०१९ च्या एका प्रयोगात दुसऱ्या प्रकारच्या वर्गातली मुलं चाचणीत सरस ठरली, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं! ओघवतं व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. डोकं खाजवताना नाही.

माझं मत विचाराल तर लांबलचक सिद्धतेला फळाच बरा. मर्यादा (गणितातली लिमिट), बल, एन्ट्रॉपी (ढोबळमानाने अव्यवस्थेचं माप) अशा संकल्पनांना मात्र वादच हवा, त्यासाठी एखादं प्रकरण घरी वाचायला द्यावं लागलं तरी.