कॅलिफोर्नियातील ड्युअल एन्रोलमेंट : पालकाच्या नजरेतून

कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजे, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणारी सार्वजनिक महाविद्यालये, हायस्कूलच्या विद्यार्थ्यांना आपल्या नेहमीच्या वर्गांत प्रवेश देतात. यालाच ड्युअल एन्रोलमेंट म्हणतात. एका सत्रात 11 युनिटांपर्यंतच (युनिट म्हणजे अभ्यासक्रमाचा भार मोजण्याचे एकक) अभ्यासक्रम घेतले तर प्रति युनिट 46 डॉलरचे शुल्क सहसा माफ होते. आमच्या मुलीने दहावीनंतरच्या उन्हाळ्यापासून या सोयीचा लाभ घेतला. सोय उत्तम आहे, असेच माझे मत आहे. मात्र ‘पदवीचे एक वर्ष वाचेल’ एवढ्याच हिशेबाने या सोयीकडे पाहणाऱ्या पालकांची निराशा होऊ शकते.

शिकवण्याच्या दर्जाविषयी आमची काहीच तक्रार नाही. संख्याशास्त्राच्या संध्याकाळच्या वर्गात तिच्या शेजारी दिवसभराची नोकरी आटोपून आलेली, वयाने बरीच मोठी माणसे बसत, आणि ती ज्या नेमकेपणाने शंका विचारत ते पाहून आमच्या मुलीलाही प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्समध्ये जाऊन बसण्याची सवय लागली. हायस्कूलमध्येच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेज पातळीच्या एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) अभ्यासक्रमांत कॉलेजचे क्रेडिट मिळणार की नाही हे मे महिन्यातील एकाच परीक्षेवर ठरते. इथे सत्रभराच्या कामावर ग्रेड मिळते, आणि तीन किंवा अधिक युनिटांचा एका सेमिस्टरचा अभ्यासक्रम युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशाच्या वेळी हायस्कूलच्या वर्षभराच्या विषयाइतका धरते. पुस्तकांचा खर्च मात्र बऱ्याचदा आपल्यालाच करावा लागतो, म्हणून वेळापत्रकात ‘झिरो टेक्स्टबुक कॉस्ट’ अशी खूण असलेले वर्ग आधी पाहावेत.

खरा फायदा पुढे, मायनर म्हणजे पदवीतील दुय्यम विषय निवडताना कळतो. मायनरसाठी साधारण पाच ते सात अभ्यासक्रम लागतात आणि त्यांतील बरेचसे अप्पर डिव्हिजनचे, म्हणजे विद्यापीठातच करण्याचे असतात. त्यामुळे कम्युनिटी कॉलेजात अख्खे मायनर उरकून टाकता येईल, ही समजूत चुकीची आहे. परंतु कॅल्क्युलस, प्राथमिक संख्याशास्त्र, इंग्रजी लेखन असे पायाचे विषय आधीच झालेले असतील, तर पहिल्या दोन वर्षांत मोकळी जागा राहते आणि मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची, ओढाताण न होता दुसरा विषय मनापासून शिकता येतो. अर्थशास्त्रासोबत संख्याशास्त्राचे मायनर घेण्याचा विचार आमच्या मुलीला सुचला तो याच मोकळ्या जागेमुळे, आणि माझ्या दृष्टीने लवकर पदवी मिळण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचे आहे.

उणिवा व्यवस्थेत आहेत. दरवेळी शाळेच्या सह्यांचा अर्ज भरावा लागतो, आणि स्वतंत्रपणे अर्ज करणाऱ्या हायस्कूलच्या मुलांचा नोंदणीत क्रमांक सर्वांत शेवटी लागत असल्याने सोयीच्या वेळांचे वर्ग तोवर भरून गेलेले असतात. आम्हाला शाळेतून ‘कोणताही विषय घ्या, चालेल’ असा सल्ला मिळाला होता. तो मानला असता तर तिला हव्या असलेल्या मेजरसाठी निरुपयोगी ठरणारा विषय पदरी पडला असता. कोणता अभ्यासक्रम कोणत्या सार्वजनिक विद्यापीठात कशासाठी धरला जातो, हे ‘असिस्ट’ या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहता येते. आम्ही तिथे खात्री केली म्हणूनच वाचलो. शिवाय विद्यार्थी अल्पवयीन असला तरी कॉलेजमधील नोंदींवर फेर्पा या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेविषयीच्या संघीय कायद्यानुसार हक्क त्याचाच असतो, त्यामुळे मुलीच्या संमतीवाचून कॉलेज आपल्याला ग्रेड सांगेल अशी अपेक्षा धरू नये.

सर्वांत गंभीर बाब ग्रेडची. ती कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमची राहते आणि पुढे पदवीसाठी वा वैद्यकीय प्रवेशासाठी अर्ज करतानाही दाखवावी लागते. म्हणून नाव काढून घेण्याच्या दोन्ही तारखा, नोंद न राहणारी आणि नंतरची ‘डब्ल्यू’ (विषय मध्येच सोडल्याची खूण) लागणारी, पहिल्याच दिवशी सिलॅबसच्या प्रतीवर लिहून ठेवाव्यात, आणि शाळेचा अभ्यास जेमतेम सांभाळणाऱ्या मुलाला या वाटेने ढकलू नये. खासगी विद्यापीठांकडे ओढा असलेल्यांनी आणखी एक चौकशी करावी : हायस्कूलच्या पदवीसाठी मोजलेला अभ्यासक्रम त्यांतील अनेक विद्यापीठे क्रेडिटसाठी पुन्हा धरत नाहीत.