सात महिने ओटीजी वापरल्यावर: लेमन बार्समुळे सापडलेली २५ डिग्रीची चूक

ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन) घेऊन सात महिने झाले. लिहायचं केव्हापासून मनात होतं पण सर्व्हिसवाल्यांशी चाललेलं प्रकरण मिटेपर्यंत थांबले, ते मागच्या आठवड्यात मिटलं. २८ लिटर, वर-खाली रॉड, आत पंखा वगैरे तुम्ही बघितलंच असेल, ते परत सांगत नाही. मला बोलायचंय ते फक्त टेंपरेचरच्या बटणाबद्दल.

पहिले दोन महिने मी खूश होते. नानकटाई, रव्याचा केक, पाव, सगळं छान व्हायचं, जरा लवकर लाल व्हायचं एवढंच, मला वाटायचं नवीन मशीन आहे, जोरात तापतंय. मग लेकीच्या वाढदिवसाला लेमन बार्स केले. खाली बटर, मैदा आणि पिठीसाखरेचा बिस्किटासारखा थर, तो १८० ला २० मिनिटं भाजायचा आणि गरम असतानाच त्यावर अंडी, साखर, लिंबाचा रस आणि दोन चमचे मैदा फेटून ओतायचं, मग १६० ला साधारण २० मिनिटं. बाहेर काढलं तर कडा फुगून फाटलेल्या, वर भोकं भोकं, आणि गार झाल्यावर कापलं तर खाली पाणी सुटलेलं आणि भुर्जीसारखा वास. लेकीने एक घास घेतला आणि बाजूला ठेवलं. फार वाईट वाटलं मला.

मी दोष दिला लिंबाला. आपलं कागदी लिंबू त्या परदेशी पिवळ्या लिंबापेक्षा जास्त आंबट, त्यामुळे अंडं फाटत असेल म्हणून पुढच्या वेळी रस कमी केला, साखर वाढवली. परत तेच! प्रत्येक वेळी तीन अंडी, १०० ग्रॅम बटर आणि सहा लिंबं, तेही ऐन उन्हाळ्यात, लिंबू दहाला एक होतं तेव्हा. तिसऱ्यांदा वाया घालवायची माझी तयारी नव्हती म्हणून आत ठेवायचा थर्मामीटर मागवला. बटण १६० वर, अर्धा तास तापवलं, आणि काटा १७० ते २०० मधे फिरतोय. रॉड चालू-बंद होतो त्यामुळे काटा खाली-वर होणारच, ते मला मान्य आहे, पण मधला आकडा १८५ आला, म्हणजे सरळ २५ डिग्री जास्त.

केक-नानकटाईला हे चालून जातं, अंड्याला नाही. असं गोड मिश्रण ८०-८५ डिग्रीपर्यंत तापलं की घट्ट होतं, त्याच्या फार पुढे गेलं की आवळतं आणि पाणी सोडतं. हे कळल्यावर मला मशीनचा जो राग आला तो आला, कारण पैसे आपण त्या आकड्यावर विश्वास ठेवूनच देतो ना.

तक्रार केली. आधी म्हणाले व्हिडिओ पाठवा, पाठवला. मग एक माणूस आला, मीटर लावून म्हणाला, "मॅडम, रॉड तापतोय, मशीन ओके आहे" आणि तक्रार बंद करून गेला. थर्मामीटरकडे बघायलाही तयार नाही. परत तक्रार, परत तेच उत्तर. तिसऱ्या वेळी मी त्याला चहा दिला आणि अर्धा तास बसवून काटा दाखवला, तेव्हा कुठे त्याने थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान सांभाळणारा भाग, बदलायचं लिहून घेतलं. वॉरंटीत होता म्हणून पैसे लागले नाहीत, पण यात अडीच महिने गेले.

नवीन थर्मोस्टॅट लावल्यावर ओव्हन बटणावरच्या आकड्यापेक्षा १० डिग्री कमी तापतो. म्हणजे १६० हवं तर बटण १७० वर. सर्व्हिसवाला म्हणाला याहून जवळ येणार नाही. मी इथे "घेऊ नका" असं लिहिणार होते, ते आता लिहीत नाही, कारण चूक दर वेळी तेवढीच असेल तर काम भागतं, आणि भाजणं चारी कोपऱ्यांत एकसारखं होतं हे खरं आहे. बटणाशेजारी कागदाची पट्टी चिकटवून माझे आकडे लिहून ठेवलेत.

एक दोष मात्र मी उगाच ओव्हनला देत होते. बार्सना धातूसारखी चव यायची, ती साध्या अल्युमिनियमच्या डब्याची होती, लिंबाचा रस त्याला लागतो. आता कडांच्या वरपर्यंत येईल एवढा बटर पेपर घालते, चव गेली. आणि कागदी लिंबाची साल किसताना फक्त वरचा हिरवा-पिवळा भाग घ्या, साल इतकी पातळ की पांढरं लगेच येतं आणि सगळं कडू होतं. अमूलचं नेहमीचं बटर मिठाचं असतं, वरून मीठ नको.

आता मी खालचा थर दोन्ही रॉडवर आणि वरचं मिश्रण घातल्यावर फक्त खालच्या रॉडवर, जाळी मधल्या खाचेत, असं करते. डबा हलवला की मधला भाग जेलीसारखा थरथरला पाहिजे, तेव्हाच बाहेर काढायचं. पूर्ण गार करून रात्रभर फ्रीजमधे. गेल्या रविवारी केले ते सुरीला न चिकटता कापले गेले, लेकीने तीन खाल्ले आणि शाळेच्या डब्यात चार नेले. नागपूरची संत्री आली की त्याचे करून बघणार आहे, संत्र्याच्या रसाला आंबटपणा कमी पडतो म्हणून निम्मं लिंबू घालीन.