मायक्रोबिटचा वर्गसंच आणि तो न उघडणारे शिक्षक: वर्षभराच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकू. मायक्रोबिट, म्हणजे मुलांना प्रोग्रामिंग करता येईल असा छोटा संगणक-बोर्ड. बोर्ड चांगला आहे, पण तो खोक्यातून येतो तसाच वर्गात नेला तर चालत नाही. वर्षभरात बोर्ड बिघडला म्हणून वाया गेलेले तास फारच थोडे. केबल, सेल, वाटप आणि मोजदाद यांत गेलेले तास कितीतरी जास्त. आणि शिक्षक ज्या तासांना वैतागून संच कपाटात परत ठेवतात, ते हेच तास. बाहेरून पाहणारा त्यालाच 'तंत्रज्ञानाला विरोध' म्हणतो. म्हणून हा अनुभव बोर्डाबद्दल कमी आणि तो शिक्षकांच्या हातात टिकवण्याबद्दल जास्त आहे.

वापरात आहे ती मायक्रोबिटची दुसरी आवृत्ती, 2020 मध्ये आलेली. 25 दिव्यांचा छोटा पडदा, दोन बटणं, हालचाल ओळखणारा प्रवेगमापक, होकायंत्र, माइक, स्पीकर आणि आपसात बोलण्यासाठी रेडिओ, हे सगळं एकाच पाटीवर. 36 मुलांच्या वर्गाला 12 बोर्ड आणि 2 राखीव, एवढं पुरतं. दोघांत एक हवा असं सांगितलं जातं, पण मग तासाच्या शेवटी 18 बोर्ड, 18 सेलच्या डब्या आणि त्यांच्या तारा मोजाव्या लागतात. तिघांत एक ठेवला की एक धरतो, एक वाचतो, एक लिहितो. दर सहा मिनिटांनी जागा बदलायची. ती बदलली नाही तर बोर्ड शेवटपर्यंत एकाच हातात राहतो आणि लिहिणाऱ्याची वही तेवढी भरते.

पहिला खोळंबा केबलचा. शाळेत सापडणाऱ्या अनेक यूएसबी केबल फक्त चार्जिंगच्या असतात. बोर्डाचा दिवा लागतो, म्हणजे वीज पोहोचली, पण संगणकावर 'मायक्रोबिट' नावाचा ड्राइव्ह दिसत नाही. शिक्षकाला वाटतं, आपल्याला जमत नाही. प्रत्येक केबल आधी जोडून बघावी, ड्राइव्ह दिसला तरच तिला रंगीत चिकटपट्टी लावावी आणि बाकीच्या त्या खोलीतून बाहेर काढाव्यात. दोन केबल तशाच राहिल्या की त्याच नेमक्या तासाला हाती येतात.

दुसरा खोळंबा ड्राइव्हच्या नावाचा. रीसेटचं बटण दाबलेलं असताना केबल लावली की 'मायक्रोबिट'ऐवजी 'मेंटेनन्स' नावाचा ड्राइव्ह उघडतो आणि त्यात टाकलेला प्रोग्राम चालत नाही. उपाय सोपा: काढा, बटणाला हात न लावता परत लावा. तिसरा प्रकार 'मेलेल्या' बोर्डाचा. या आवृत्तीत तेच बटण पाचेक सेकंद दाबून धरलं की बोर्ड झोपतो. मुलं ते पहिल्याच दिवशी शोधून काढतात. परत दाबलं की जागा होतो. या तीन गोष्टी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून संचाच्या झाकणावर आतून चिकटवल्या तर मदतीच्या हाका बऱ्याच थांबतात.

मेककोड हे ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं साधन चांगलं आहे, ब्राउझरमध्ये चालतं, डाव्या बाजूला बोर्डाची नक्कलही दिसते. पण ते शिक्षकासमोर पहिल्या महिन्यात उघडूच नये. प्रोग्राम आधीच भरलेले बोर्ड द्यावेत आणि शिक्षकाने फक्त आपला विषय शिकवावा. पुढे मेककोडवर येताना लक्षात ठेवायचं ते असं: बोर्डात थेट प्रोग्राम पाठवण्याची सोय क्रोम आणि एजमध्ये आहे, फायरफॉक्समध्ये नाही. तिथे फाइल उतरवून ड्राइव्हवर ओढावी लागते. शाळेच्या संगणकांवर यूएसबी ड्राइव्ह बंद करून ठेवलेले असतील तर तीही वाट बंद. म्हणून तपासणी तंत्रज्ञाच्या लॅपटॉपवर करून उपयोग नाही. ज्या खोलीत तास आहे त्याच संगणकावर, शिक्षकाच्याच लॉगिनने करायची.

आता खरा प्रश्न, तासिकेचा. 40 मिनिटांच्या तासाचा हिशेब असा मांडला तर जमतो: वाटप 4 मिनिटं, प्रश्न आणि अंदाज 5, मोजमाप 17, वहीत नोंद आणि चर्चा 8, परत गोळा करणं 4. दोन मिनिटं हातची. प्रात्यक्षिक कोसळतं ते बहुतेक वेळा या हिशेबाच्या दोन टोकांना. वाटपाला दहा मिनिटं लागली की मोजमाप घाईत होतं. गोळा करताना घंटा वाजली की पुढचा शिक्षक दारात उभा राहतो आणि दोन बोर्ड कमी भरतात. ट्रेला 1 ते 12 क्रमांकांच्या खाचा, प्रत्येक खाचेत बोर्ड, सेलची डबी आणि चार मगरचिमट्याच्या तारा, आणि तोच क्रमांक गटालाही. रिकामी खाच लांबून दिसते, मोजावं लागत नाही. या एका ट्रेने जेवढा 'विरोध' मावळला तेवढा कुठल्याही भाषणाने मावळला नसता.

सेलच्या डब्या बटण असलेल्याच घ्याव्यात. बिनबटणाची डबी बंद करायची तर छोटा कनेक्टर उपसावा लागतो, मुलं तारेला धरून ओढतात आणि तार मुळाशी तुटते. ओढली नाही तर बोर्ड रात्रभर चालू राहतो आणि सकाळच्या पहिल्या तासाला बारापैकी चार बंद. मगरचिमटे बोर्डाच्या कडेला उभे लावायचे. आडवे लावले की शेजारच्या बारीक पट्ट्यांना टेकतात आणि आकडे वेडेवाकडे येतात. तार बाहेरून धड दिसते आणि आतून चिमट्यापाशी तुटलेली असते. संशय आला की ती बाजूला टाका, तासात दुरुस्त करत बसू नका.

विषयशिक्षकाची अडचण वेगळीच असते आणि ती जास्त गंभीर. विज्ञानाच्या शिक्षकाने बोर्डावर तापमान दाखवलं आणि शेजारच्या तापमापीशी ते जुळलं नाही तर वर्गासमोर मान खाली जाते. कारण असं की बोर्ड हवेचं नव्हे, स्वतःच्या प्रोसेसरचं तापमान सांगतो, तेही पूर्ण अंशांत. सहसा ते खोलीपेक्षा काही अंशांनी जास्त असतं. बोर्ड दहा मिनिटं चालू ठेवायचा, तापमापीशी तुलना करायची, फरक प्रोग्राममध्ये वजा करायचा. हाच फरक 'उपकरणातली त्रुटी' म्हणून शिकवला तर तास उलट चांगला होतो, पण ते शिक्षकाला आधी माहीत हवं. आवाजाच्या पातळीचंही तसंच. आकडा 0 ते 255 असतो, ते डेसिबल नव्हेत. प्रकाशाचंही तेच. तुलना करता येते, एकक लिहिता येत नाही. मातीतला ओलावा मोजायला दोन खिळे खुपसले आणि त्यांतून सतत वीज सोडली तर खिळे काही दिवसांत खराब होतात आणि आकडे सरकतात. मापनापुरतीच वीज सोडावी. आणि रेडिओ! गटक्रमांक 0 ते 255 पैकी कुठलाही ठेवता येतो, पण सगळ्यांनी 1 ठेवला तर बारा गटांचे संदेश एकमेकांत मिसळतात. ट्रेवरचा क्रमांक तोच रेडिओचा क्रमांक, एवढा नियम पुरे.

पहिला तास कुठला निवडावा? गणितात फासे. बोर्ड हलवला की 1 ते 6 पैकी आकडा, प्रत्येक गटाने 50 वेळा टाकायचा, फळ्यावर 600 नोंदींची वारंवारता सारणी. साध्या फाशांनीही होतं, मान्य, पण बोर्डावरचे फासे घरंगळत नाहीत. एक मेख आहे: जोरात हलवला की एकाच झटक्यात दोन आकडे येऊ शकतात, म्हणून प्रत्येक फेकीनंतर प्रोग्राममध्ये एका सेकंदाचा विराम ठेवा. विज्ञानात प्रतिक्रियेचा वेळ मोजा, दिवा लागला की बटण. मिलिसेकंदांत आकडे मिळतात आणि सरासरी काढायला मुलांना खरंखुरं कारण मिळतं. भाषेच्या तासाला ओढूनताणून काही करू नये. पडद्यावर नाव सरकवण्याने भाषा शिकवली जात नाही, आणि भाषेच्या शिक्षकांनी तसं म्हटलं तर तो विरोध नव्हे, ते बरोबर आहे.

शिक्षकांची वाक्यं नीट ऐकली तर त्यांत तीन वेगळ्या गोष्टी असतात. 'मला हे जमणार नाही' ही स्वतःबद्दलची काळजी. 'पोर्शन कधी पुरा करू' ही कामाच्या व्यवस्थेची. 'याने मुलांना जास्त काय येतं' ही परिणामाची. टेक्सास विद्यापीठात जीन हॉल आणि सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात मांडलेल्या, काळजीच्या पायऱ्यांच्या प्रारूपाचा गाभा हाच आहे, आणि तो अजून उपयोगी पडतो. घोडं पेंड खातं ते इथे: प्रशिक्षणात तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं जातं, कृतीतून शिक्षणाचे फायदे वगैरे, आणि समोर बसलेला शिक्षक पहिल्यावरच अडकलेला असतो. त्याला फायदे पटलेलेच असतात. त्याला हवा असतो बोर्ड पंधरा दिवस घरी न्यायला, कोणी बघत नसताना चुका करायला.

म्हणून दिवसभराची कार्यशाळा सोडून द्यावी. त्याऐवजी 25 मिनिटांची चार सत्रं, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने, प्रत्येकात एकच धडा आणि तो पुढच्या आठवड्यात वर्गात घ्यायचाच. सोबतीची पद्धत अशी ठेवावी: पहिल्या तासाला सोबत्याने, म्हणजे संच वापरता येणाऱ्या सहकाऱ्याने, ट्रे, तारा, संगणक सांभाळायचे आणि शिक्षकाने फक्त शिकवायचं. दुसऱ्या तासाला ट्रेही शिक्षकाचा, सोबती मागच्या बाकावर. तिसऱ्याला सोबती स्टाफरूममध्ये, हाक मारली तर येईल इतक्या अंतरावर. सोबत्याने शिक्षकाच्या हातून माउस घेऊ नये, हा नियम लिहून ठेवण्याइतका महत्त्वाचा आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ थॉमस गस्की यांनी 1986 मध्ये मांडलं होतं की शिक्षकाचं मत आधी बदलत नाही. आधी वर्गातली पद्धत बदलते, मुलांच्या शिकण्यात फरक दिसतो आणि मग मत बदलतं. वर्षभराचा अनुभव याच्याशी जुळतो. मन वळवण्यावर खर्च केलेला वेळ वाया गेला, एक तास नीट पार पाडायला दिलेला वेळ कामी आला.

मुलांना मदतनीस करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. करा, पण शिक्षकाच्या नंतर. वर्गातल्या चार मुलांना शिक्षकाच्या आधी तयार केलं तर शिक्षक स्वतःच्याच वर्गात पाहुणा होतो, आणि तो पुन्हा संच मागत नाही.

व्यवस्थापनाच्या चुका थोडक्यात. किती वेळा संच वापरला याची नोंदवही ठेवली की नोंदी वाढतात, वापर वाढत नाही. पाहुणे येणार म्हणून घेतलेला तास मोजू नये. टाचणात, म्हणजे शिक्षकाच्या पाठनियोजनाच्या वहीत, 'तंत्रज्ञानाचा वापर' असा रकाना सक्तीचा केला की तो भरला जातो, बस्स. उलट दोन गोष्टी फुकटात होतात आणि खूप फरक पाडतात. एक, वर्गात वापरताना बोर्ड तुटला तर शिक्षकाकडून वसुली नाही, हे मुख्याध्यापकांच्या सहीने झाकणावर लावणं. डेडस्टॉकच्या, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीच्या, भीतीने कुलूपबंद राहिलेली साधनं प्रत्येक शाळेत असतात. दोन, घटक चाचणीत एक तरी प्रश्न त्या प्रात्यक्षिकावर असणं. परीक्षेत विचारलं जात नाही ते शिकवायला शिक्षक का कू करत असेल, तर तो नियम त्याने केलेला नाही.

ज्येष्ठ शिक्षकांना 'मागे पडलेले' म्हणण्याची सवयही मोडली पाहिजे. 1922 मध्ये एडिसनने भाकीत केलं होतं की चित्रपट पाठ्यपुस्तकांची जागा घेतील. त्यानंतर रेडिओ आला, दूरदर्शन आलं, स्मार्ट बोर्ड आला. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाने अशी दोन-तीन तरी खोकी येताना आणि धूळ खाताना पाहिलेली असतात. त्याची शंका अनुभवातून आलेली असते आणि पुष्कळदा ती दुरुस्तीची यादीच असते. उदाहरणार्थ, एकसर आणि समांतर जोडणी शिकवायला हा बोर्ड नको, सेल-तार-बल्बच बरा, ही तक्रार पूर्ण बरोबर आहे. बोर्डात काय चाललंय ते दिसत नाही, बल्बच्या परिपथात प्रत्येक तार डोळ्यांसमोर असते. तो धडा योजनेतून काढून टाकला आणि कोणाच्या सांगण्यावरून काढला तेही स्टाफरूममध्ये सांगितलं, तर पुढच्या बैठकीत सूचना यायला लागतात.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. संच हळूहळू एका उत्साही शिक्षकाचा होतो. किल्ली त्याच्याकडे, सेल त्याच्याकडे, 'त्या सरांचा संच' असं नाव पडतं आणि बाकीचे मोकळे होतात. ते सर रजेवर गेले की ट्रे हलत नाही. किल्ली कार्यालयात ठेवून आणि सेल बदलायचं काम दर महिन्याला वेगळ्या वर्गाकडे देऊन थोडा फरक पडतो, पूर्ण नाही.

पुढच्या वर्षीच्या मागणीत नवे बोर्ड नाहीत. 14 माहितीवाहक केबल, 14 बटणाच्या डब्या, मगरचिमट्यांच्या 60 तारा, आणि दुसऱ्या मजल्यासाठी खाचांचा आणखी एक ट्रे, कारण जिन्यावरून तो उचलून न्यावा लागतो म्हणून वरच्या वर्गांत संच पोहोचतच नाही.