चिखल्यांसाठी टर्बिनाफाइन क्रीम, काही महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधी क्लोट्रिमाझोल (हेही बुरशीवरचंच क्रीम) वापरत होतो, ते वाईट नाहीये, पण दिवसातून दोनदा आणि तेही ४ आठवडे लावायचं, एवढा पेशन्स कोणाकडे असतो. मग टर्बिनाफाइन १% वर आलो. क्लोट्रिमाझोल मुख्यतः बुरशीची वाढ रोखतं, टर्बिनाफाइन ती बुरशी मारतंच, त्यामुळे बोटांच्या बेचकीतल्या चिखल्यांना बऱ्याचदा आठवडाभराचा कोर्स पुरतो. तळव्याला पसरलं असेल तर जास्त दिवस लागतात. लावताना थोडी चुरचुर होते, भेगा असतील तर जरा जास्तच, पण सहन होते.

खाज दोन-तीन दिवसांत कमी होते आणि खरा घोळ तिथेच होतो, कारण खाज गेली म्हणजे बुरशी गेली असं नसतं, पूर्ण कोर्स करायचाच. आणि नुसतं लाल झालंय तेवढ्यावरच नाही, आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवरही एक-दोन सेंटीमीटर लावायचं.

ते स्टेरॉइड मिक्स असलेलं क्रीम मात्र कोणी कितीही सुचवू दे, स्वतःच्या मनाने अजिबात लावू नका!! एका रात्रीत आराम वाटतो, लाली जाते, आणि आतल्या आत बुरशी मस्त पसरत राहते, नंतर डॉक्टरांनाही पटकन ओळखू येत नाही की हा नायटाच (म्हणजे कातडीवरची बुरशी, चिखल्या त्यातलाच प्रकार) आहे. ट्यूबवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल दिसलं की सरळ परत ठेवा.

क्रीम अर्धंच काम करतं हेही सांगतो. पाय धुतल्यावर बेचक्या नीट कोरड्या करा (हे सगळ्यात बोअरिंग पण सगळ्यात महत्त्वाचं), पायाचा टॉवेल वेगळा ठेवा, सॉक्स रोज बदला, शूजचे दोन जोड आलटून पालटून वापरा म्हणजे एक वाळत राहतो. जांघेत पण नायटा होऊ नये म्हणून सॉक्स आधी घालायचे आणि अंडरवेअर नंतर, ऐकायला येडपट वाटतं पण कारण खरं आहे, चड्डी पायातून वर चढताना बुरशी सोबत घेऊन जाते.

डायबेटिस असेल किंवा पाय सुजून गरम लागत असेल तर रिव्ह्यू वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा.

माझ्या बेचक्या आता स्वच्छ आहेत. अंगठ्याचं नख मात्र अजून जाड आणि पिवळट आहे, हे क्रीम नखाच्या आत नीट पोचतच नाही, त्याला गोळ्या लागतात, पायाच्या नखासाठी साधारण १२ आठवडे, आणि त्याआधी लिव्हरची टेस्ट. ती करायची आहे, कारण नखात बुरशी राहिली तर तिथूनच परत बेचकीत येते.